गिटारच्या माथ्यावरचं नाव

गेले तीन आठवडे इथे काही खरडलं नाही. रिलीज चालू होती हे कारण आहेच, पण ते नेहमीचंच. खरं कारण वेगळं. एक गोष्ट घडली, तिच्यात चूक माझी होती, आणि स्वतःची चूक लिहायला बसलं की माणसाला अचानक कपाट आवरावंसं वाटतं. माझं कपाट सध्या चकाचक आहे.

तर आजचा विषय, इलेक्ट्रिक गिटारच्या हेडस्टॉकवरचा डेकल. ज्यांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनी पळून जाऊ नका, दोन मिनिटांत सांगतो. गिटारच्या नेकच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, तो भाग म्हणजे हेडस्टॉक. तिथे कंपनीचं नाव असतं. काही गिटारींवर ते शिंपल्याचे तुकडे कापून लाकडात बसवलेलं असतं. बऱ्याच गिटारींवर मात्र ते एका पातळ फिल्मवर छापून लाकडावर चिकटवलेलं असतं. ती फिल्म म्हणजे डेकल. लहानपणी बबलगमबरोबर टॅटू मिळायचा, पाणी लावून हातावर उतरवायचा, त्याचाच हा शिकलेला भाऊ.

आकार म्हणाल तर जेमतेम माझ्या मधल्या बोटाएवढा. पण गिटारवाल्यांच्या जगात त्या बोटभर फिल्मची किंमत काय असते ते मला गेल्या महिन्यात कळलं.

मागे जातो. २०२१. नोकरी नवीन, वर्क फ्रॉम होम, बाहेर लॉकडाउन. कोणी पोळ्या शिकलं, कोणी झाडं लावली, मी गिटार जोडली. एका ठिकाणाहून बॉडी, दुसरीकडून नेक, तिसरीकडून पिकअप. अशा जुळवलेल्या गिटारीला पार्ट्सकास्टर म्हणतात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर या नावांवरून केलेला हा विनोद आहे. फेंडरच्या गिटारींची नेक चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे पार्ट अदलाबदल करणं सोपं. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण मॉड्युलर डिझाइन.

माझ्या नेकचा हेडस्टॉक सपाट फळीसारखा आला होता. तो आपण हवा तसा कापायचा. मी काय केलं? स्ट्रॅटचा फोटो प्रिंट केला, ट्रेस केला आणि करवतीने तोच आकार कापला. गिटार जोडून झाली, वाजलीही बरी, पण हेडस्टॉक कोरा. कोऱ्या कपाळाची गिटार बघवेना. मग ठरवलं, डेकल करायचा. आणि त्यावर नाव? प्रश्नच पडला नाही. 'फेंडर'. तेही १९५० च्या दशकातल्या त्या बारीक सोनेरी अक्षरांत, ज्याला गिटारवाले स्पॅगेटी लोगो म्हणतात.

आता कृती सांगतो, कारण ती खरंच मजेची आहे आणि स्वतःच्या नावासाठी तुम्ही ती जरूर करावी.

वॉटरस्लाइड पेपर मिळतो, पारदर्शक घ्यायचा. लेझरचा वेगळा, इंकजेटचा वेगळा. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून बुडवण्याआधी क्लिअर स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. लेझरला तशी गरज नसते, तरी एक हात मारलेला बरा. घरच्या प्रिंटरला सोनेरी छापता येत नाही. म्हणून नुसती काळी बाह्यरेषा छापायची आणि आत सोनेरी जेल पेनने भरायचं. मी सहा प्रिंट काढले, पाच हात थरथरल्यामुळे वाया गेले.

लाकूड आधी तयार हवं. पॉलिश पेपर, मग सँडिंग सीलर, मग लॅकरचे दोन-तीन हात. कच्च्या लाकडावर डेकल बसत नाही, खाली हवा राहते आणि ती चांदीसारखी चकाकते. मग डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट. फिल्म कागदावरून सरकायला लागली की हेडस्टॉकवर पाण्याचा थेंब टाकून ती हळूच सरकवायची, मऊ कापडाने मधून कडेकडे पाणी काढायचं. रात्रभर वाळू द्यायचं. त्यानंतर वरून लॅकर, पण नुसता धुक्यासारखा. पहिलाच हात जाड मारला तर थिनर फिल्म खातो, सुरकुत्या पडतात. असे पातळ हात देत गेलं की हळूहळू फिल्मची कड लॅकरमध्ये बुडते. शेवटी ८०० पासून २००० पर्यंत वॉटर पेपर, मग रबिंग कंपाउंड. बोट फिरवल्यावर कड लागली नाही की जमलं.

आणि हो, हे पुण्याच्या पावसाळ्यात करू नका. मी ऑगस्टमध्ये केलं. लॅकरमधला थिनर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि लॅकर दुधासारखा पांढरा पडतो. त्याला ब्लशिंग म्हणतात. मला वाटलं बाटलीत भेसळ आहे. शेवटी आमच्या सोसायटीत काम करणारे सुतारकाका म्हणाले, "पावसात पॉलिश धरत नाय रे बाळा, ऊन पडू दे." चार वर्षांची इंजिनिअरिंगची डिग्री गेली पाण्यात, अक्षरशः.

ऊन पडलं, डेकल बसला. इंग्रजी 'आर'च्या शेपटीपाशी एक बारीक बुडबुडा राहिला होता, तो मी टाचणीने फोडला. तिथे सुईच्या टोकाएवढी खूण राहिली. नेकच्या तळाशी, जो भाग बॉडीत जातो आणि कोणाला दिसत नाही, तिथे पेन्सिलने 'ऑगस्ट २०२१' लिहिलं. सही केली नाही. का, ते पुढे येईल.

२०२३ मध्ये पुढची गिटार करायला पैसे हवे होते, म्हणून ही विकली. कोथरूडच्या एका मुलाला, १७ हजारांना. त्याला स्वच्छ सांगितलं, बाबा रे, ही फेंडर नाही, पार्ट्स आहेत, डेकल मी घरी केलाय. तो हसला, "माहितीये, भारी दिसतोय पण." व्यवहार चोख. मी निवांत.

आता गेला महिना. आमच्या टीममध्ये एक नवीन पोरगा आलाय. पहिला बोनस मिळाला आणि त्याने गिटार घेतली. एके दिवशी म्हणाला, "दादा, फेंडर घेतली सेकंड-हँड, ४६ हजारांना. तारा जरा उंच वाटतायत, बघशील?" रविवारी घरी घेऊन आला. बॅग उघडली. मी हेडस्टॉककडे बघितलं आणि 'आर'च्या शेपटीपाशी टाचणीची खूण दिसली.

काही क्षण मी काहीच बोललो नाही. मग चार स्क्रू काढले, नेक उलटी केली आणि त्याला पेन्सिलची अक्षरं दाखवली. "हे माझं अक्षर आहे," म्हटलं.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो रागावला नाही, ते जास्त वाईट. हळूच म्हणाला, "पण वर लिहिलंय ना."

या चार शब्दांवर मी गेले तीन आठवडे विचार करतोय.

मध्ये गिटारीने किती हात बदलले ते नक्की कळलं नाही, निदान दोन. त्याने मला जाहिरात दाखवली. तिच्यात विकणाऱ्याने फेंडर असा शब्दही लिहिला नव्हता. नुसती 'स्ट्रॅट, उत्तम कंडिशन' आणि हेडस्टॉकचा मोठा फोटो. म्हणजे त्या माणसाला खोटं बोलायची गरजच पडली नाही. त्याच्या वाटचं खोटं मी २०२१ मध्येच सोनेरी जेल पेनने लिहून ठेवलं होतं. वरून लॅकर मारून, पॉलिश करून.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपण सांगितलेलं खरं त्या खोलीतच राहतं. डेकल मात्र गिटारीबरोबर गावोगाव जातो. 'मी सांगून विकली होती' हे वाक्य पहिल्या गिऱ्हाइकापाशी संपतं. आपण सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे पाठ असायला हवं. स्टँड-अपमध्ये तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कोणाला आठवतं? कोडमध्ये जे लिहिलंय तेच खरं धरलं जातं. आणि गिट ब्लेम मारला की नाव कोणाचं येतं? ज्याने लिहिलं त्याचं. मी माझ्या कमिटवर दुसऱ्याचं नाव टाकलं होतं.

यावर नेहमी येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण ते सगळे माझेच होते.

पहिला, "माझ्या गिटारीवर मी काहीही लावीन, विकायची नाहीये." मीही विकणार नव्हतो. पण गिटार माणसापेक्षा जास्त जगते. तुम्ही विकली नाही तर तुमचा भाचा विकेल, आणि त्याला तर खरं काय ते माहीतही नसेल.

दुसरा, "रेडियमच्या दुकानात जा, मारुती ८०० वर फेरारीचा घोडा लावून मिळतो, त्याला कोण हरकत घेतं?" बरोबर. पण तिथे फसतं कोण? मारुती ८०० समोर उभी दिसते, घोड्याकडे बघून सिग्नलवरचे सगळे हसतात, मालकही हसतो. तो विनोद आहे, कारण खरं काय ते उघड्यावर आहे. स्ट्रॅटच्या आकाराच्या गिटारीवर स्ट्रॅटचं नाव लावलं की खरं झाकलं जातं. विनोद आणि बनावट यांच्यातली रेषा मला तरी इथे सापडते.

तिसरा, "एवढी मोठी अमेरिकन कंपनी, तिचं काय बिघडतं?" कायद्याचं म्हणाल तर दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटेपणाने लावणं हा आपल्याकडेही १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. कंपनीचं काही बिघडलं नाही हे मी मान्य करतो. बिघडलं आमच्या टीममधल्या पोराचं.

आणि गंमत बघा, याच कंपनीच्या इतिहासात डेकलची एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. १९५० च्या शेवटी लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून एक गिटार बाजारात आणली, नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनी त्याच उच्चाराच्या नावाने ड्रम विकत होती. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. फेब्रुवारी १९५१ मध्ये ग्रेचने कळवलं, हे नाव आमचं आहे. फेंडरने वाद घातला नाही. पण डेकल तर छापून तयार, नवीन नाव ठरायचं होतं आणि कारखाना थांबवायचा नव्हता. मग त्यांनी काय केलं? डेकलमधून ब्रॉडकास्टर हा शब्द कापून टाकला आणि उरलेला 'फेंडर' एवढाच तुकडा चिकटवून गिटारी पाठवल्या. पुढे टेलिकास्टर हे नाव मिळेपर्यंत काही महिने हे असंच चाललं. त्या बिननावाच्या गिटारींना आज नोकास्टर म्हणतात आणि संग्राहक त्यांच्यासाठी भरमसाट पैसे मोजतात. दुसऱ्याचं नाव कापून टाकलं म्हणून कोरी राहिलेली जागा, तिला आज भाव आहे. आणि मला कोरा हेडस्टॉक बघवत नव्हता!

दुसरी गोष्ट त्याच कारखान्यातली. तिथे टॅडिओ गोमेझ नावाचे कारागीर नेक घडवायचे. १९५० च्या दशकातल्या कितीतरी नेकच्या तळाशी पेन्सिलने त्यांची आद्याक्षरं आणि तारीख सापडते. त्या काळातल्या काही गिटारींच्या आत, वायरिंगच्या खळग्यात, चिकटपट्टीचा तुकडा मिळतो आणि त्यावर ग्लोरिया, मेरी अशी जोडणी करणाऱ्या बायकांची नावं. माथ्यावर मालकाचं नाव, पोटात कामगारांचं. ते न्याय्य होतं का, हा वेगळा लेख होईल. पण आज गिटार अस्सल आहे की नाही हे तपासताना जाणकार माथ्यावरच्या डेकलपेक्षा त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर जास्त विश्वास ठेवतात. कारण डेकल मी घरी करू शकतो. (केलाच की.)

आकाराचं काय? तिथे थोडं गुंतागुंतीचं आहे. स्ट्रॅट, टेली आणि प्रिसिजन बास यांच्या बॉडीचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा फेंडरचा प्रयत्न २००९ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेडमार्क मंडळाने फेटाळला. इतकी वर्षं इतक्या लोकांनी तो आकार वापरला की तो एकाच कंपनीची ओळख उरला नाही, असा साधारण अर्थ. हेडस्टॉकचा आकार मात्र त्यांच्या नावावर नोंदलेला आहे. अमेरिकेत काही कंपन्या फेंडरचा परवाना घेऊन त्याच आकाराची नेक बनवतात, पण त्यासुद्धा वर फेंडर छापून देत नाहीत. ज्यांच्याकडे परवाना आहे ते छापत नाहीत आणि मी जेल पेन घेऊन बसलो होतो!

एक अपवाद मला पटतो. अस्सल फेंडर नेक असेल, कोणीतरी घासून डेकल घालवला असेल आणि मालकाने पुन्हा तसाच लावला, तर ठीक. पण मग नेकच्या तळाशी लिहा, डेकल नवा, अमुक साली लावला. पेन्सिल पाच रुपयांना मिळते.

बरं, मग हेडस्टॉकवर लिहायचं काय? माझं मत, स्वतःचं नाव. किंवा आपल्या गल्लीचं, कुत्र्याचं, काहीही, पण आपलं. आपल्याकडे वाद्यं बनवणाऱ्यांची परंपरा कमी आहे का? मिरजेला दीडशेहून जास्त वर्षं सतारी आणि तंबोरे बनतायत. तिथे काही घराण्यांचं आडनावच सतारमेकर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे मिरज हे नाव आता सहज कोणी उसनं घेऊ शकणार नाही. उलट इलेक्ट्रिक गिटार म्हटली की आपण लगेच बाहेरचं नाव शोधायला लागतो. आपल्या कित्येकांची पहिली गिटार गिव्हसन होती. त्या नावाचा उच्चार ऐकून कोणाची आठवण येते ते गिटारवाल्यांना सांगायला नको.

पण मी २०२१ मध्ये स्वतःचं नाव का नाही टाकलं? खरं सांगू? लाज वाटली. नट नीट कापला नव्हता, बाराव्या फ्रेटनंतर एक तार खरखरायची. 'फेंडर' लिहिलं की ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणाऱ्याचंच चुकत असेल. माझं नाव लिहिलं असतं तर चूक माझी दिसली असती. म्हणजे दुसऱ्याचं नाव मी मोठेपणासाठी लावलं असं मला वाटत होतं. खरं तर मी त्याच्यामागे लपलो होतो. आणि पेन्सिलने नुसता महिना लिहून सही टाळली, तीही त्याचसाठी.

त्या पोराचं पुढे काय झालं? पैशांचं आमच्यात ठरलं, आकडा इथे लिहीत नाही, पण मला लागला आणि लागायलाच हवा होता. गिटार परत घेतो म्हटलं तर तो नाही म्हणाला. त्याला तिचा आवाज आवडतो. "फक्त ते वरचं काढ," म्हणाला.

मागच्या शनिवारी दोघांनी मिळून काढलं. ४०० चा पेपर, पाच मिनिटं. सोनेरी 'आर'ची शेपटी, टाचणीची खूण, सगळं पांढऱ्या भुकटीत गेलं. जे बसवायला मला अख्खा ऑगस्ट लागला होता. मग करवत घेऊन हेडस्टॉकची कडही जराशी बदलली, आता तो कोणाचाच आकार नाही.

"आता काय लिहायचं?" मी विचारलं.

"तुझंच नाव टाक ना दादा. बनवलीस तू."

मी टोपणनाव सुचवलं, त्याचं नाव सुचवलं, इमोजी सुचवला. तो ऐकेना. शेवटी म्हटलं, ठीक आहे, पण मग एक आठवडा थांब.

म्हणून या आठवड्यात रोज ऑफिसनंतर मी नवीन नट घासतोय. हाडाचा आणलाय, खाचा एकेक तार लावून बघत कापतोय. दोन फ्रेट उंच होते, तेही उतरवले. पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते सगळं आत्ता चाललंय, कारण आता वर माझं नाव येणार आहे. डेकल छापून तयार आहे. काळी, साधी अक्षरं, सोनेरी काही नाही.

आज दिवसभर ढग आहेत. ऊन पडलं की लावीन.